सगळं ऑफिस डावखुरं

माजिवड्याच्या 'नीरक्षीर लॅबोरेटरीज'मधून संगणक गेले त्या दिवशी सलिल सरांनी पेढे वाटले. माणूस निवृत्त झाला तर नीरक्षीरमध्ये शाल आणि समोसा मिळत असे. त्या मानाने संगणकांचा निरोप थाटात झाला. मॉरिस परेराने सगळी खोकी टेम्पोत चढवली, हात झटकले आणि वर येऊन तो हेमाताईंच्या टेबलाशी उभा राहिला.

"गेले गो सगळे," तो म्हणाला. "पोरांना बोर्डिंगात टाकून आल्यासारखं वाटतंय."

"आणि तुझं काय?"

"मी हार्डवेअरवाला. हार्डवेअर गेलं. आता मी कशाचा वाला, ते सर सांगणारेत."

हेमा टिपणीस हसल्या नाहीत, कारण मॉरिस विनोद करत नव्हता. नीरक्षीरमध्ये पाणी आणि दूध तपासलं जाई. खाली प्रयोगशाळेत तपासणी व्हायची आणि वर हेमाताईंच्या विभागात आकडे पाहून अहवाल बनायचे. विभागात प्रत्येकाच्या टेबलाखाली एक जुनं, घरघरणारं खोकं होतं आणि ते बिघडलं की मॉरिसला हाक जाई. आता टेबलावर उरला एक पडदा, पडद्याच्या पाठीला चिकटवलेली काडेपेटीच्या थोरल्या बहिणीएवढी डबी, कळफलक आणि माउस. संगणक म्हणून जे काही होतं ते खाडीपलीकडच्या कुठल्याशा इमारतीत होतं. तिथून प्रत्येकाला सकाळी एक कोरा, ताजा संगणक मिळे, म्हणजे त्याचं नुसतं चित्र मिळे, आणि संध्याकाळी तो पुसला जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच एका नमुन्यावरून काढलेली नवी प्रत.

शिवाय ज्याला हवं त्याने स्वतःचं यंत्र आणावं, अशी मुभा होती. लॅपटॉप आणा, टॅब्लेट आणा, फोन आणा, त्यावर एक खिडकी उघडा, खिडकीत ऑफिस. ही कल्पना सलिल सरांना नवा टॅब्लेट मिळाला त्या आठवड्यात सुचली होती.

"आज घरी प्रत्येकाकडे ऑफिसपेक्षा चांगलं यंत्र आहे," ते सभेत म्हणाले. "मग ऑफिसने जुनी खोकी का सांभाळायची?" आणि त्यांनी पेनने टॅब्लेटवर एक गोल काढून दाखवला. गोल खरंच छान आला होता. त्या दिवसापासून सरांनी माउसला हात लावला नाही.

सभेत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती पेढ्यानंतर. भिंतीवर मोठा पडदा लागणार, त्यावर कोण किती झपाट्याने अहवाल बाहेर काढतो ते दिसणार. तिमाही संपेल तेव्हा तळाला जे असतील त्यांना कल्याणच्या संकलन केंद्रात पाठवणार. तिथे बाटल्या घ्यायच्या, त्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि माजिवड्याला धाडायच्या.

"काहींचा हात नव्या गोष्टींवर बसत नाही," सर म्हणाले. "त्यात कमीपणा काहीच नाही." हे बोलताना त्यांनी खिडकी, पंखा आणि पाण्याचं पिंप यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि शेवटी हेमाताईंकडे.

सभा संपल्यावर लोक सांत्वनाला आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, की त्यांच्या कोपरच्या घरापासून कल्याण जवळ पडेल. हे खरं होतं, भूगोल म्हणून. पण हेमाताईंनी रसायनशास्त्र शिकून आयुष्यभर एकच गोष्ट मनापासून केली होती. आकड्यांची रांग पाहायची आणि कुठला आकडा तिथे खोटा बसलाय ते ओळखायचं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि ती बाटल्यांना डिंक लावण्यात घालवायची त्यांची इच्छा नव्हती. त्या प्रत्येक अहवाल दोनदा वाचत, म्हणून सावकाश होत. भिंतीवरच्या पडद्याला दोनदा वाचणं दिसत नव्हतं.

नवी व्यवस्था सुरू झाली त्या सकाळी विभागात आधी शांतता पसरली आणि मग कुजबुज. फाइल उघडायला जावं तर भलतीच यादी उघडत होती. यादी बंद करायला जावं तर फाइल उघडत होती. माउसचं डावं बटण उजव्याचं काम करत होतं आणि उजवं डाव्याचं.

"माझा माउस वेडा झालाय," क्रिस्टल मिस्किटा म्हणाली. ती हेमाताईंच्या शेजारी बसायची. दीड वर्षापूर्वी आलेली, हुशार, आणि आकडा खोटा बसलाय हे ओळखायची नजर तिला यायला लागली होती. "मॅम, तुमचा पण?"

हेमाताईंचा अजिबात वेडा झाला नव्हता. त्यांचा माउस नेहमीप्रमाणे कळफलकाच्या डाव्या बाजूला होता, त्यावर त्यांचा डावा हात होता, तर्जनी उजव्या बटणावर होती आणि सगळं जिथल्या तिथे उघडत होतं. त्यांनी शेजारी वाकून क्रिस्टलच्या पडद्याकडे नीट पाहिलं. पार्श्वभूमी फिकट राखाडी, कारण त्यांच्या डोळ्यांना तीच बरी वाटे. कचऱ्याची टोपली खाली उजव्या कोपऱ्यात, कारण त्यांनीच ती तिथे ओढून ठेवली होती. अक्षरं एक माप मोठी. मग त्यांनी उठून पलीकडचं टेबल पाहिलं, त्याच्या पलीकडचंही पाहिलं. आपल्या घरात शंभर भाडेकरू शिरावेत आणि प्रत्येकाने आपल्याच जागेवर पोळपाट टांगावा, तसं त्यांना वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तळमजल्यावर मॉरिसला गाठलं.

"नमुना म्हणून कोणाचा संगणक घेतला?"

"तुझाच," मॉरिस म्हणाला. "तू रजेवर होतीस ना, तेव्हा आलेली ती माणसं, ही नवी व्यवस्था बसवणाऱ्या सल्लागाराची. म्हणाली, सगळ्यात स्वच्छ मशीन दाखवा. आता इथे स्वच्छ कोणाचं? एकाच्यावर मेव्हणीचं लग्न, एकाच्यावर पत्त्यांचा डाव. मी तुझं दाखवलं. तुझ्यावर फक्त काम. खूश झाली ती."

"मी डावखुरी आहे, हे सांगितलंस?"

मॉरिसने डब्यातला बोंबील तोंडाशी नेता नेता थांबवला. "त्यांनी विचारलं नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "अरे देवा."

तर प्रकार असा होता. शाळेत मीराबाई नावाच्या बाईंनी हेमाताईंच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात दिली होती, तेव्हापासून लिहिण्यापुरता उजवा हात सरकारी झाला. बाकी सगळं डाव्याने. पळी, विळी, प्रयोगशाळेतली पिपेट, आणि पुढे माउस. देवळात प्रसाद घेताना आयुष्यभर त्यांना कोणी ना कोणी 'उजवा, उजवा' म्हणून टोकत आलं होतं. आणि आता संपूर्ण नीरक्षीर लॅबोरेटरीज, मुख्य लेखापालांसकट, रोज सकाळी त्यांच्या डाव्या हाताने कामाला लागत होती. मीराबाईंना हे दाखवायला हवं होतं.

तक्रारी वर गेल्या. वरून सल्लागाराचं उत्तर आलं की ही मांडणी मनगटाच्या आरोग्याचा विचार करून ठेवलेली आहे. ती बदलता का येत नाही, यालाही उत्तर होतं. सुरक्षेसाठी सगळ्या सोयी कुलूपबंद आहेत, आणि बदलली तरी रात्रीत पुसली जाईलच. सलिल सरांना तर तक्रारच कळली नाही. त्यांनी टॅब्लेटवर बोटाने फाइल उघडली, बोटाने बंद केली आणि म्हणाले, "माझ्याकडे तर व्यवस्थित चाललंय." बोटाला डावं-उजवं बटण नसतं.

सवय होईल, असं सगळे म्हणत. पण सवय होणार कशी? ज्यांनी स्वतःचे लॅपटॉप आणले होते त्यांच्या पडद्यावर खिडकीच्या आत एक न्याय होता आणि बाहेर दुसरा. आत काम उलटं, बाहेर मुलाच्या शाळेचं पोर्टल सुलटं. हात शिकायचा आणि तासाभरात विसरायचा.

"काल मी मिक्सरचं बटण पण मधल्या बोटाने दाबलं," क्रिस्टल म्हणाली. "मम्मी बोलते, हे काय नवीन फॅशन? सच्ची मॅम, तुम्ही कसं करता? सांगा ना मला."

"हात बसलाय," हेमाताई म्हणाल्या. हे खोटं नव्हतं, आणि हेच त्यांना खटकलं.

कारण भिंतीवरच्या पडद्यावर एक चमत्कार झाला होता. हेमा टिपणीस सगळ्यांत वर होत्या. त्या पूर्वीइतक्याच सावकाश होत्या, प्रत्येक अहवाल पूर्वीसारखाच दोनदा वाचत होत्या. बाकीचे सगळे खाली गेले होते, इतकंच. सलिल सरांनी त्यांना 'डिजिटल आदर्श' जाहीर केलं आणि लिफ्टशेजारी त्यांचा फोटो लावला. एका परिसंवादात ते हेमाताईंचा आलेख घेऊन गेले आणि नव्या तंत्राला वयाचं बंधन नसतं, असं बोलून आले. टाळ्या पडल्या असं कळलं. तळाला क्रिस्टल होती.

हेमाताईंनी आठवडाभर गप्प राहून पाहिलं. त्यांना ते आवडलं, हे त्या स्वतःशी तरी नाकारत नव्हत्या. कल्याणचं नाव आता त्यांच्यापुढे कोणी काढत नव्हतं. उलट सांत्वनाला आलेलेच लोक आता टेबलाशी येऊन म्हणत, "ताई, थोडं शिकवा ना." पण दुधाच्या अहवालात असा निकाल कधी आला असता, एकच नमुना अचानक चांगला आणि बाकी सगळे वाईट, तर त्यांनी नमुन्याची पाठ थोपटली नसती. त्यांनी उपकरण तपासलं असतं.

शिवाय क्रिस्टल आता बाटल्यांबद्दल विचारायला लागली होती. "कल्याणला नुसत्या चिठ्ठ्याच लावायच्या ना? आकडे बघायला मिळत नाहीत ना तिथे?"

सोमवारी हेमाताई सलिल सरांच्या केबिनमध्ये गेल्या.

"सर, ते माउसचं. ती माझी सेटिंग आहे. मी डावखुरी आहे. नमुना माझ्या संगणकावरून घेतला, म्हणून सगळ्यांकडे तीच जाते. एका जागी दुरुस्त केली की सगळं सरळ होईल."

सरांनी पेन टॅब्लेटवर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती, पण ती माउसची नव्हती.

"हेमाताई, तुम्ही फार विनयाने बोलता."

"विनय नाही सर. वस्तुस्थिती आहे."

"तुमचा आलेख मी परिसंवादात दाखवलाय. लोकांनी फोटो काढलेत." ते थोडे पुढे वाकले. "आता मी असं सांगू का, की आमच्या बाई पुढे आहेत कारण त्या लेफ्टी आहेत?"

"तसंच आहे, सर."

"आणि समजा दुरुस्त केलं, तर कुलूप सगळ्यांना सारखं. मग तुम्हाला उजव्या हाताने काम करावं लागेल. चालेल?"

हे हेमाताईंच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. त्यांना फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. "क्रिस्टलला कल्याणला पाठवू नका," त्या म्हणाल्या. "तिची नजर चांगली आहे. माउस उलटा आहे म्हणून ती खाली आहे."

"भिंतीवरचा फलक सगळ्यांना समान आहे ना," सर म्हणाले. "तुम्ही एक करा. तक्रारीचं तिकीट टाका. सल्लागाराच्या हेल्पलाइनवर. प्रक्रियेतून जाऊ दे."

हेमाताईंनी प्रक्रियेतून जाऊ दिलं. चूक काय, कुठून आली, कशी दुरुस्त होईल, हे त्यांनी चार ओळींत लिहिलं. लगेच उत्तर आलं की तुमची अडचण आमच्यासाठी महत्त्वाची आहे. त्यानंतर बरेच दिवस ती महत्त्वाचीच राहिली.

"मला आधी सांगायचंस," मॉरिस म्हणाला. तळमजल्यावरच्या त्याच्या खोलीत जुन्या वायरी, उघडे कळफलक आणि खाडीकाठच्या गाळासारखं साचलेलं सामान होतं. नोकरी अजून गेली नव्हती, कारण ती घालवायची कोणी हा निर्णय झाला नव्हता. "तिकडे खाडीपार त्यांनी कुलूप लावलंय. इकडे माझ्या टेबलावर नाही लावलं."

त्याने क्रिस्टलचा माउस पालथा केला, स्क्रू काढला, झाकण उचललं. आत दोन इवलीशी बटणं होती. त्याने दोन्हींच्या वाटा कापल्या, सोल्डरिंगच्या गरम कांडीने दोन केसाएवढ्या तारा आडव्या डाकल्या आणि झाकण बसवलं. डावं बटण दाबलं की माउस आता उजवं दाबल्याचं सांगणार होता. खाडीपलीकडचा संगणक ते उलटं समजणार होता, आणि दोन उलटी मिळून क्रिस्टलचा हात सरळ.

"क्लाउड म्हणे. ढगाला काय कळतंय," मॉरिस म्हणाला आणि फुंकर मारली.

क्रिस्टलने वर जाऊन एक फाइल उघडायला घेतली. उघडली. बंद केली. झाली. तिने मान वळवून हेमाताईंकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तळमजल्यावर रांग लागली. लेखापाल आपला माउस रुमालात गुंडाळून घेऊन आले. लॅपटॉपवाल्यांनी बाजारातून नवे माउस आणले आणि खिडकीच्या आतला एक, बाहेरचा एक, असे दोन-दोन वागवायला सुरुवात केली. मॉरिसच्या खोलीला मोबाइल दुरुस्तीच्या टपरीची कळा आली. एकच माउस उघडला गेला नाही, तो हेमाताईंचा. त्याला काही झालंच नव्हतं.

फलकावर नावं सरसर वर चढली. क्रिस्टल मध्यावर आली, मग त्याच्याही वर. हेमाताई एकेक पायरी उतरत आपल्या मूळ जागी, तळाशी, येऊन बसल्या. दोनदा वाचणारीची तीच जागा होती.

सलिल सर फलकासमोर उभे राहून समाधानाने म्हणाले, "पाहिलंत? थोडा धीर धरला, झाली सवय." पाहुणे आले तेव्हा त्यांनी मुद्दाम एका टेबलावर बसून, माउस हातात घेऊन, फाइल उघडून दाखवली. ती पहिल्या फटक्यात उघडली. लिफ्टशेजारचा हेमाताईंचा फोटो मात्र राहिला, कारण तो काढला असता तर मागच्या भिंतीचा रंग दिसला असता.

"ताई, कल्याण तसं तुम्हाला जवळ," लोक पुन्हा म्हणू लागले. माउस रुमालात गुंडाळून आणणारे लेखापालही म्हणाले.

तिमाहीचा शेवटचा दिवस उजाडला. फलक रोज सकाळी नव्याने सुरू होई; आज त्या दिवसाच्या कामावर तो बंद होणार होता आणि त्यावरूनच यादी ठरणार होती. हेमाताई येऊन बसल्या, पर्स खणात ठेवली, डावा हात माउसवर टेकवला आणि पहिली फाइल उघडली. भलतीच यादी उघडली. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा यादी.

विभागात आधी शांतता पसरली आणि मग कुजबुज.

"आता काय झालं?" क्रिस्टल म्हणाली. "मॅम, माझा परत वेडा झाला."

हेमाताईंच्या पडद्यावर कोपऱ्यात एक निरोप आला होता. आपलं तिकीट यशस्वीरीत्या निकालात काढण्यात आलं आहे. नमुन्यातील माउसची मांडणी प्रमाणित करण्यात आली आहे. म्हणजे तिकडे खाडीपलीकडे उलटं सरळ झालं होतं, आणि इकडे तारा डाकलेला प्रत्येक माउस पुन्हा उलटा झाला होता. लेखापाल रुमाल शोधत होते. काही जण माउस हातात घेऊन जिन्याने धावत खाली निघाले होते. खालून मॉरिसचा आवाज आला, "रांगेत या रे, एकच कांडी आहे माझ्याकडे गरम."

हेमाताई आपल्या साध्या, न उघडलेल्या माउसकडे पाहत राहिल्या. तो आता सगळ्या जगाला चालण्यासारखा होता, फक्त त्यांना नाही. मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या क्रिस्टलच्या माउसकडे पाहिलं. त्याच्या पोटात दोन तारा आडव्या होत्या. उपकरण तपासायचं असलं की त्यांचं डोकं नेहमीच थंड होई.

"क्रिस्टल, तुझा माउस दे."

"हा? उलटा आहे मॅम तो."

"उलटाच दे. माझा घे."

त्यांनी आपल्या माउसची वायर सोडवली आणि तो पुढे केला. मग हात आखडता घेतला. "डाव्या हाताने देतेय. चालेल ना?"

"मॅम, गेले तीन महिने सगळं ऑफिस डाव्या हाताने चाललंय," क्रिस्टल म्हणाली आणि माउस घेतला.

हेमाताईंनी क्रिस्टलचा माउस कळफलकाच्या डावीकडे ठेवला आणि फाइल उघडली. मग त्यांनी अहवाल वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचला. घाई करायचं काही कारण नव्हतं.

संध्याकाळी फलकावर वर दोन नावं होती आणि त्यांच्या खाली बराच वेळ काहीच नव्हतं. मग, पार तळाशी, उरलेला विभाग एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखा साचला होता. सलिल सर टॅब्लेट छातीशी धरून त्याच्यासमोर उभे राहिले. कल्याणला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. फलकाचं ऐकायचं तर कल्याणचं केंद्रच माजिवड्याला आणावं लागलं असतं. त्यांनी वरून खाली आणि खालून वर पाहिलं, मग शिपायाला हाक मारून पडद्याची वायर काढायला सांगितली. फलक अद्ययावत होत असल्याचं त्यांनी सगळ्यांना कळवलं. यादीचं पुढे नाव निघालं नाही, आणि मॉरिसच्या नोकरीचंही. तो खाली अजून डाकतच होता.

निघताना हेमाताईंच्या पडद्यावर तो निरोप तसाच होता. खाली एक प्रश्न वाढला होता. आपली अडचण दूर झाली का? उत्तराला दोन चौकोन होते, हो आणि नाही.

"'नाही' दाबा," क्रिस्टल पर्स खांद्याला अडकवत म्हणाली. "नाही तर हे लोक बोलतील, आम्हीच केलं."

"पण झाली ना दूर," हेमाताई म्हणाल्या. "कोणी केली, ते त्यांनी विचारलं नाही." आणि त्यांनी डाव्या हाताने 'हो' दाबलं. पहिल्या फटक्यात लागलं.